मुलीच्या छातीतली गाठ, आजीचा कॅन्सर आणि पेशींचे निरोप

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मला तो कसा समजला ते आधी सांगते, म्हणजे काही चुकलं असेल तर तुमच्या लक्षात येईल. मुलगी साडेनऊ वर्षांची. महिन्याभरापूर्वी तिला न्हाऊ घालताना डाव्या बोंडाखाली हरभऱ्याएवढी टणक गाठ तुमच्या हाताला लागली, दाबलं की दुखते. उजवीकडे काही नाही. तुमच्या आईला 46 व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला, नागपूरला ऑपरेशन झालं, आता टॅमॉक्सिफेनची गोळी सुरू आहे. तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांनी "घरात हिस्ट्री आहे, गाठ काढून तपासायला पाठवू" असं सांगितलं. सासूबाई म्हणतात, हा इंजेक्शनच्या दुधाचा परिणाम. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, "छाती वाढते तीही पेशी वाढून आणि कॅन्सर होतो तोही पेशी वाढून. मग पेशीला वाढ म्हणून कोण सांगतं, आणि थांब म्हणून कोण सांगतं?"

मी पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे गाठीतल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघून निदान करणारी डॉक्टर. सव्वीस वर्षं झाली, वर्धा आणि यवतमाळच्या खेड्यांतून येणाऱ्या बायांच्या गाठींत सुई घालून तपासायचं काम मी स्वतःच करते. सुई घालण्याआधी गाठ चाचपावी लागते, बाईशी बोलावं लागतं. त्यामुळे काचेवरच्या पेशी आणि समोर बसलेली बाई, दोन्ही मला रोज दिसतात.

घाईचं आधी. ती गाठ काढू देऊ नका. तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून ती गाठ नाहीच, तो तुमच्या मुलीचा स्तन आहे.

मुलींची छाती साधारण 8 ते 13 वर्षांच्या दरम्यान कधीही वाढायला लागते, आणि पुष्कळ जणींत एकाच बाजूने सुरुवात होते. दुसरी बाजू काही महिन्यांनी मागून येते. बोंडाच्या बरोबर खाली, चकतीसारखी, हुळहुळी, बोटाखाली थोडी सरकणारी टणक गाठ म्हणजे स्तनाचा कोंब. पुढे होणारा अख्खा स्तन त्या एवढ्याशा कोंबातून फुटतो. आपण तुरीचे शेंडे खुडतो ना, तेव्हा काय होतं? शेंड्याकडून बाजूच्या डोळ्यांना "तुम्ही थांबा" असा निरोप जात असतो. शेंडा गेला की निरोप बंद, आणि बाजूच्या फांद्या फुटतात. स्तनाचं तसं नाही. तिथे बाजूचे डोळे नसतात, कोंब एकच. तो काढला की त्या बाजूला स्तन येतच नाही, नाहीतर वेडावाकडा येतो.

एकदा वीस वर्षांची एक मुलगी लग्नाआधी आईबरोबर आली होती. एका बाजूचा स्तन व्यवस्थित, दुसऱ्या बाजूला सपाट छाती आणि बोंडाखाली दीड इंचाचा जुना व्रण. नऊ वर्षांची असताना "गाठ" काढली होती. आईने तेव्हाचा रिपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवला होता. त्यावर लिहिलेलं होतं, "सामान्य स्तनऊती, कॅन्सर नाही." आईला वाटत होतं की ही आनंदाची बातमी आहे. त्या दोघींना मी काय सांगितलं ते आजही आठवतं आणि जीव तुटतो. तेव्हापासून लहान मुलीच्या नावाने "ब्रेस्ट लम्प, एफएनएसी" अशी, म्हणजे स्तनातली गाठ सुई घालून तपासा अशी, चिठ्ठी आली की सुई ट्रेमध्येच राहते. दोन्ही बाजू चाचपते आणि कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून देते, "स्तनाचा नैसर्गिक कोंब. सुई किंवा ऑपरेशन करू नये."

अर्थात मी तुमच्या मुलीला पाहिलेलं नाही, आणि काही गोष्टी प्रत्यक्ष पाहूनच ठरतात. वय आठच्या आत असतं तर मी तिला लहान मुलांच्या डॉक्टरांकडे लवकर न्यायला सांगितलं असतं, कारण मग वयाआधी पौगंडावस्था का सुरू झाली हे शोधावं लागतं. गाठ बोंडाखाली नसून एका बाजूला असेल, वरची कातडी लाल-गरम असेल, बोंडातून रक्त किंवा पू येत असेल, किंवा दोन-तीन आठवड्यांत गाठ भराभर वाढली असेल, तरीही दाखवावं. शंका उरलीच तर सोनोग्राफी करता येते. ती दुखत नाही आणि तिच्यात किरणांचाही त्रास नाही. पण पंधरा वर्षांच्या आतल्या मुलीला स्तनाचा कॅन्सर ही इतकी दुर्मीळ गोष्ट आहे, की आजीच्या आजारावरून नातीच्या कोंबाला कात्री लावणं मला कधीच पटणार नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. कोण सांगतं?

स्तनातली कुठलीच पेशी एकटी ठरवत नाही. तिला निरोप यावा लागतो. हे निरोप आईच्या पोटात असल्यापासूनच सुरू होतात. गर्भ पाच-सहा आठवड्यांचा असताना काखेपासून जांघेपर्यंत दोन्ही बाजूंना कातडीची एकेक जाडसर रेघ उमटते. कुत्रीला त्या रेघेवर ओळीने सड येतात. माणसात बाकीची रेघ विरून जाते आणि छातीवर दोन जागा उरतात. कुणाकुणाला पोटावर तिळासारखं जादा बोंड असतं, ते त्या रेघेवर राहून गेलेलं. उरलेल्या त्या जागी वरच्या कातडीच्या पेशी खालच्या थराला निरोप देतात आणि खालचा थर उलट निरोप देतो, तेव्हा कुठे कोंब आत शिरतो. यातला एक निरोप इतका महत्त्वाचा, की तो ओळखणारी जागाच जन्मतः निकामी असेल अशा अतिदुर्मीळ आजारात गर्भाला स्तन आणि बोंड तयारच होत नाहीत. निरोप ओळखणाऱ्या या जागेला आम्ही रिसेप्टर म्हणतो. हा शब्द लक्षात ठेवा, तुमच्या आईच्या रिपोर्टमध्ये तो सापडेल.

जाता जाता एक सांगते. नवजात बाळाची छाती कधीकधी फुगते, दुधाचे थेंबही येतात, मुलग्यालासुद्धा. आईच्या हार्मोन्सचा उरलेला निरोप असतो तो, काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. आपल्याकडे ती छाती पिळून काढायची पद्धत आहे. ती कृपा करून करू नका. पिळल्याने पू होतो, आणि आतला तोच कोमल कोंब कायमचा दुखावू शकतो.

मग आठ-नऊ वर्षं शांतता. त्यानंतर मेंदूकडून बीजांडकोशांना निरोप जातो आणि बीजांडकोशांकडून रक्तात इस्ट्रोजेन हे हार्मोन सुटतं. वाढीचं हार्मोनही सोबतीला असतं. इथपर्यंत शाळेच्या पुस्तकात आहे. पुढचं मात्र मला स्वतःला सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय पटलं नव्हतं.

माझ्याकडे शिकणाऱ्या डॉक्टरांना दाखवायला ठेवलेली एक स्लाइड आहे, तिशीतल्या बाईच्या निरोगी स्तनाची. दुधाच्या बारीक नळ्या आणि त्यांच्या टोकाला द्राक्षाच्या घोसासारख्या खोल्या. प्रत्येक नळीला पेशींचे दोन थर. आतल्या थरातल्या पेशी पुढे दूध करणार, बाहेरच्या थरातल्या चपट्या पेशी आकसून ते दूध पुढे ढकलणार. या स्लाइडला असा रंग दिलाय की ज्या पेशीत इस्ट्रोजेनचा रिसेप्टर आहे तिचं केंद्रक तपकिरी दिसतं, बाकीच्यांचं निळं. निळ्या दाण्यांच्या रांगेत मधूनमधून एखादा तपकिरी दाणा, असं ते दृश्य. आता दुसरा रंग, फक्त विभागत असलेल्या पेशींना लागणारा. कुणालाही वाटेल की ज्या पेशीला इस्ट्रोजेन ऐकू येतं तीच विभागत असणार. पण तसं नसतं. निरोगी स्तनात तपकिरी पेशी जवळजवळ कधीच विभागताना सापडत नाही. विभागते ती शेजारची निळी. मँचेस्टरच्या संशोधकांनी 1997 मध्ये हे नीट दाखवून दिलं.

म्हणजे जी पेशी निरोप ऐकते ती स्वतः वाढत नाही, ती फक्त शेजारणीला सांगते. उंदरांवरच्या प्रयोगांतून या सांगण्याची वाटही कळली आहे. तपकिरी पेशी आपल्या अंगावर अॅम्फिरेग्युलिन नावाचं प्रथिन उभं करते. एक कात्रीसारखं विकर ते कापून मोकळं करतं. ते नळीभोवतीच्या आधारपेशींपर्यंत पोचतं, आणि त्या आधारपेशी नळीकडे वाढीचे दुसरे निरोप पाठवतात. तेव्हा कोंबाचं टोक पुढे सरकतं. एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी, असं तुम्हाला वाटेल. मला वाटतं सगळी सुरक्षितता या वळणावळणाच्या वाटेतच आहे. ऐकणारी वेगळी, सांगणारी वेगळी, वाढणारी वेगळी, त्यामुळे एकीच्या मनाने काहीच होत नाही.

याच वेळी थांबवणारे निरोपही चालूच असतात. टीजीएफ-बीटा नावाचा निरोप दोन नळ्यांना एकमेकींवर चढू देत नाही, मध्ये चरबीला जागा ठेवतो. कोंब भरीव वाढत जातो आणि मागून त्याच्या मधल्या पेशी मरून जातात, म्हणून नळी पोकळ होते. वाढीइतकंच मरणंही ठरवून होतं. आणि कोंब चरबीच्या कडेला पोचला की वाढ थांबते.

त्या कोंबाच्या टोकाकडे बघताना मला अजून एक गोष्ट जाणवते. तिथल्या पेशी भराभर विभागतात, वाटेतला पडदा विरघळवतात, चरबीत घुसतात, आपल्याकडे रक्तवाहिन्या ओढून घेतात. हीच सगळी कामं कॅन्सर करतो. तेव्हा तुमची शंका अगदी बरोबर आहे ताई, दोन्हीकडे तीच हत्यारं असतात. कोंबाला थांब म्हटलेलं ऐकू येतं, एवढाच काय तो फरक.

पाळी सुरू झाली की दर महिन्याला प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनचा निरोप येतो. तोही तसाच, ऐकणारी पेशी रँक-लिगंड नावाचा निरोप बाहेर सोडते आणि शेजारणी विभागतात. पाळीच्या चक्राच्या दुसऱ्या अर्ध्यात स्तनातल्या पेशी सर्वांत जास्त विभागतात, म्हणून पाळीआधी छाती भरून येते, दुखते, गाठीगाठी लागतात. तेव्हा स्वतःची छाती चाचपायची असेल तर पाळी सुरू झाल्यापासून सातव्या ते दहाव्या दिवसात चाचपा. पाळीच्या तोंडावर चाचपून घाबरलेल्या बाया माझ्याकडे नेहमी येतात. मी त्यांना पंधरा दिवसांनी परत बोलावते, आणि बऱ्याच जणींची "गाठ" तोवर गेलेली असते.

गरोदरपणाचं तुम्हाला मी काय सांगू, ज्यांच्या गोठ्यात गाय आहे त्यांना यातलं अर्धं ठाऊक असतं. प्रोलॅक्टिन हे दुधाचं हार्मोन आणि प्रोजेस्टेरॉन मिळून द्राक्षाच्या घोसासारख्या त्या खोल्या हजारोंनी वाढवतात. पण वार पोटात आहे तोवर तिच्यातलं प्रोजेस्टेरॉन दुधाला अडवून धरतं. वार पडली की तो अडसर जातो आणि दोन-तीन दिवसांत दूध उतरतं. वारेचा तुकडा आत राहिला तर दूध उशिरा उतरतं, हे अनुभवी दाईलाही माहीत असतं. आणि वासरू ढुशी देतं तेव्हा गाय पान्हा सोडते, बाळ तोंड लावतं तेव्हा आईला पान्हा फुटतो, तो ऑक्सिटोसिनचा निरोप. बाहेरच्या थरातल्या चपट्या पेशी आकसतात आणि साठलेलं दूध पुढे येतं.

सासूबाईंच्या शंकेचं उत्तर इथेच देते. दूध काढायला जनावरांना इंजेक्शन देतात ते याच ऑक्सिटोसिनचं. ते पेशी वाढवत नाही, भरलेलं दूध ढकलतं. शिवाय ते प्रथिनाचा छोटासा तुकडा आहे, पोटात गेलं की डाळीसारखं पचून जातं. जनावराला त्याचा त्रास होतो, तसं करणं बेकायदा आहे आणि ते बंदच व्हायला हवं. पण तुमच्या मुलीचा कोंब त्यामुळे फुटलेला नाही. तिचं दूध तोडू नका.

बाळ पिणं थांबवतं तेव्हा जे होतं त्याबद्दल मात्र जरा थांबून सांगावं लागेल, कारण आमच्या भागात सर्वांत जास्त चुका इथे होतात. गाय आटते तसा स्तनही आटतो. दूध तुंबलं की "आता गरज नाही" असा निरोप जातो, स्टॅट-3 नावाचा पेशीतला निरोप्या जागा होतो आणि दूध करणाऱ्या पेशी लाखोंनी मरतात. मग सफाई करणाऱ्या पेशी येतात, पडदे मोडून नव्याने बांधले जातात, चरबी परत भरते. जखम भरताना जे वातावरण असतं तसंच ते असतं. निरोगी स्तनात हे सगळं होऊन शांत होतं. पण कुठे कॅन्सरच्या थोड्या पेशी दडलेल्या असतील तर त्यांना हे मोडतोडीचं वातावरण फावतं.

एकतीस वर्षांची एक बाई, बाळ अकरा महिन्यांचं, कडेवर घेऊनच आली होती. डाव्या स्तनात वरच्या बाहेरच्या भागात सुपारीएवढी गाठ, पाच महिन्यांपासूनची. "दुधाची गाठ हाये म्हने सगळे," असं ती म्हणाली. एरंडाची पानं बांधून झाली होती, हळदीचा लेप झाला होता, अँटिबायोटिकचे दोन कोर्सही झाले होते. सुई आत गेली तेव्हा हाताला जे जाणवलं ते मी विसरत नाही. साध्या गाठीत सुई रबरात शिरल्यासारखी जाते, इथे कच्च्या पेरूत शिरल्यासारखी करकरली. स्लाइड बघायच्या आधीच माझा जीव खाली गेला. त्या बाईवर उपचार झाले, ती आज आहे, बाळ शाळेत जातं. पण त्या पाच महिन्यांत गाठ काखेत उतरली होती. म्हणून सांगते, बाळ पीत असो वा सुटलेलं असो, दोन आठवड्यांत न गेलेली प्रत्येक गाठ दाखवायची. अंगावर पाजत असताना सोनोग्राफीही चालते आणि सुईची तपासणीही चालते.

याचा अर्थ बाळंतपण किंवा पाजणं धोक्याचं, असा मात्र नाही. बाळंतपणानंतर काही वर्षं धोका किंचित वाढतो हे खरं, पण लांबचा हिशेब फायद्याचा आहे. 30 देशांतल्या 47 अभ्यासांची माहिती एकत्र करून 2002 मध्ये असं दिसलं की बाई एकूण जितके महिने अंगावर पाजते, त्यातल्या दर 12 महिन्यांमागे स्तनाच्या कॅन्सरचा धोका सुमारे 4.3 टक्क्यांनी उतरतो. पूर्ण वाढ होऊन दूध केलेल्या पेशी पुढे हार्मोनच्या हाकेला पूर्वीसारख्या उठत नाहीत.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर, स्तनाचा कोंब, पाळी, बाळंतपण, आटणं, प्रत्येक वेळी निरोप येतो, शेजारणीमार्फत फिरतो, काम होतं आणि थांबण्याचा निरोप पाळला जातो. कॅन्सरमध्ये ही साखळी कुठे तुटते ते आता बघा.

माझी दुसरी स्लाइड तुमच्या आईच्या आजारासारख्या एका गाठीची आहे. त्याच तपकिरी रंगाची. पण इथे निळ्यांत मधूनमधून तपकिरी दाणा नाही, सगळं शेतच तपकिरी. आणि विभागण्याचा रंग लावला तर तो याच तपकिरी पेशींना लागतो. ऐकणारी पेशी आता शेजारणीला सांगत बसत नाही, स्वतःच वाढते. वळणावळणाची वाट जाऊन आडवाट पडली. शिवाय पुष्कळ गाठींत पेशीच्या आतला एखादा निरोप्या बिघडून कायमचा चालू राहतो, बाहेरून कुणी हाक मारो न मारो.

दुसरा फरक बाहेरच्या चपट्या थराचा. निरोगी नळीला आणि साध्या गाठीला तो थर असतो. सुईच्या तपासणीत त्या पेशींची केंद्रकं काचेवर सुटी पडलेली दिसतात, तिळासारखी लांबट. असे तीळ भरपूर दिसले की माझा श्वास मोकळा होतो, कारण ती बहुधा साधी गाठ असते. कॅन्सर पसरायला लागला की हा थर आणि त्याच्याखालचा पडदा दोन्ही फुटलेले असतात. हा थर नुसतं कुंपण नाही, तो आतल्या पेशींना "तुझी जागा इथे" असा सतत निरोप देत असतो. कॅलिफोर्नियात मिना बिसेल यांच्या प्रयोगशाळेने 1997 मध्ये दाखवलं की स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी जेलमध्ये वाढवून त्यांचा भोवतालाशी बोलणारा एक बिघडलेला रिसेप्टर अडवला, तर त्याच पेशी परत गोल, नीटस खोली करून थांबल्या. जनुकं तीच बिघडलेली, पण भोवतालचा निरोप सुधारला तशी वागणूक सुधारली. प्रयोगशाळेतली गोष्ट आहे, औषध नव्हे. पण नुसती पेशी बघून निदान करायचं नाही, तिचा शेजार बघायचा, हे मी त्यातून शिकले.

आता तुमच्या आईची गोळी. टॅमॉक्सिफेन सुरू आहे यावरून कळतं की त्यांच्या गाठीत हार्मोनचे रिसेप्टर होते. ही गोळी त्या रिसेप्टरवर जाऊन बसते, इस्ट्रोजेनला जागाच मिळत नाही. या उपचाराची सुरुवात एका अर्थी गोठ्यातून झाली. काही देशांत शेतकरी व्यालेल्या गाईचे बीजांडकोश काढत, म्हणजे ती आटत नाही आणि दूध देत राहते. स्कॉटलंडचे सर्जन जॉर्ज बीटसन यांनी हे ऐकलं आणि त्यांच्या मनात आलं की बीजांडकोशांचा स्तनातल्या पेशींवर ताबा असला पाहिजे. मग त्यांनी कॅन्सर पसरलेल्या एका तरुण बाईचे बीजांडकोश काढले आणि गाठी विरत गेल्या. 1896 मध्ये त्यांनी हे छापलं, तेव्हा इस्ट्रोजेन हे नावही कुणाला माहीत नव्हतं. आज तेच काम एक स्वस्त गोळी करते. अशा कॅन्सरमध्ये पाच वर्षं घेतली तर मृत्यूचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने उतरतं. म्हणून आईला सांगा, बरं वाटतंय म्हणून गोळी सोडायची नाही. पाळी गेलेली असताना अंगावरून रक्त गेलं तर मात्र लगेच डॉक्टरांना सांगायचं.

रिपोर्टमध्ये ईआर (इस्ट्रोजेनचा रिसेप्टर), पीआर (प्रोजेस्टेरॉनचा रिसेप्टर) आणि हर-2 अशी तीन नावं असतील. हर-2 हाही वाढीचा रिसेप्टर आहे. साधारण पाच-सहा गाठींमागे एकीत त्याचं जनुक पुष्कळ पटींनी वाढलेलं असतं. पेशीच्या अंगावर हे रिसेप्टर इतके दाटतात की निरोप न येताच एकमेकांना चिकटून "वाढ, वाढ" असं आत ओरडत राहतात. त्यांना अडवणारं ट्रॅस्टुझुमॅब हे औषध 1998 मध्ये आलं, त्याचे भारतीय पर्यायही आता मिळतात. तिन्ही नसतील तर ट्रिपल निगेटिव्ह. आपल्या देशात, तरुण बायांत, त्याचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आहे. त्याला गोळी चालत नाही पण किमोथेरपी चालते, आणि "निगेटिव्ह" म्हणजे "उपाय नाही" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ही तपासणी केल्याशिवाय उपचार सुरू करणं म्हणजे माती न बघता खत टाकणं. खर्चाची अडचण असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

राहिल्या तुम्ही. मुलीच्या काळजीत तुम्ही स्वतःबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही, आणि मला खरी काळजी तुमची आहे. शंभरातले पाच-दहा कॅन्सरच घराण्यातून आलेल्या जनुकामुळे होतात. पण आईला पन्नाशीच्या आत झाला आहे, म्हणून बीआरसीए जनुकांची (यांच्यातला बिघाड घराण्यातून उतरतो आणि कॅन्सरचा धोका वाढवतो) तपासणी करायची का हे आईच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा. तपासणी आधी आईची करतात, तुमची नंतर, तीही आईत बिघाड सापडला तरच. सापडला तर तो तुमच्यात उतरलेला असण्याची शक्यता निम्मी. मुलीची तपासणी ती सज्ञान होईपर्यंत करायची नसते. मावशी, मामेबहिणी, आजी, कुणाला स्तनाचा किंवा बीजांडकोशाचा कॅन्सर, कुणा पुरुषाला स्तनाचा कॅन्सर झाला होता का, हे एका कागदावर वयासकट लिहून न्या. तपासणीचा निर्णय बराचसा त्या कागदावर ठरतो.

आईला कॅन्सर झाला तेव्हाचं तिचं वय वजा दहा असा साधा हिशेब डॉक्टर धरतात. म्हणजे तुम्ही 36 च्या झालात की वर्षाला एकदा मॅमोग्राफीबद्दल बोलायचं, जनुकात बिघाड सापडला तर त्याआधीपासून. तोवर आणि त्यानंतरही हाताने तपासणी. 30 वर्षांवरच्या बायांची ती सरकारी दवाखान्यात फुकट होते, आशाताईंना विचारा. हाताची तपासणी कमी समजू नका. मुंबईत टाटा मेमोरियलने 1998 पासून वीस वर्षं दीड लाखावर बायांचा अभ्यास केला. शिकवून तयार केलेल्या साध्या कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी बायांचे स्तन हाताने तपासत. गाठी लहान असताना सापडल्या, आणि पन्नाशीपुढच्या बायांत या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी झाले. त्यासाठी मशीन लागलं नाही, वीजही लागली नाही.

मुलीबद्दल शेवटचं. एक-दोन महिन्यांनी लहान मुलांच्या डॉक्टरांना एकदा शांतपणे दाखवा आणि उंची-वजन नोंदवून घ्या. रोज दाबून बघू नका, त्याने ती जागा जास्त दुखते आणि पोर घाबरते. गेल्या महिन्यात घरातल्या किती जणींनी तिची छाती चाचपली असेल, याचा विचार मनात येतो. तिला जवळ घेऊन सांगा की हा आजार नाही, तुझी छाती वाढायला लागली आहे, दुसरी बाजूही येईल. आजीसारखं मला होणार का, असं तिने मनात धरलं असेल, विचारलं नसलं तरी. तेही तुम्हीच काढा. सुती, सैल कपडे द्या. कोंब फुटल्यापासून साधारण दोन-अडीच वर्षांनी पाळी येते, म्हणजे ती सहावी-सातवीत असताना. त्याआधी तिला ते तुमच्या तोंडून कळू द्या.